मुलाखतीला काय घालू? एका जुन्या प्रश्नाची गोष्ट



मुलाखतीचं पत्र आलं की घरात आधी आनंद होतो आणि लगेच प्रश्न उभा राहतो, घालू काय? आई म्हणते, साडी नेस, साडीला मान असतो. मैत्रीण म्हणते, पंजाबी ड्रेसच बरा, एस.टी.त चढता-उतरता येतं. पुण्यात शिकणारी मावसबहीण फोनवर सांगते, आता सगळ्या पँट-शर्टवर जातात. कोपऱ्यात बसलेली आजी विचारते, परीक्षा डोक्याची हाय का लुगड्याची?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. किनवट, मुखेड, देगलूर, अहमदपूर, निलंगा, औसा या भागातल्या कितीतरी मुली अभ्यासात कुणाला हार जात नाहीत. पण आपल्याकडं तसले कपडे नाहीत, तिथं सगळ्या शहरातल्या येतील, या विचारानंच त्यांचा आवाज बसतो. एखादी उधारीवर साडी घेते. एखादी जातच नाही. कपड्यापायी हातची नोकरी जावी, इतका हा प्रश्न मोठा कसा झाला, हे आज पाहू. गोष्ट दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती कळली की मनावरचं ओझं बरंच कमी होतं.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. आपल्या आज्या-पणज्या काम करत नव्हत्या असं कधीच नव्हतं. पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी, दळण, पाणी, सगळं त्यांच्याच अंगावर. त्यांचं नऊवारी लुगडं हा कामाचाच पोशाख होता. काष्टा मारला की वाकता येतं, पळता येतं, बैलगाडीत चढता येतं, पदर खोचला की दोन्ही हात मोकळे. 1972च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या हजारो बाया खडी फोडायला आणि माती उपसायला गेल्या. त्यांना कुणी विचारलं नाही, बाई, तुझा पोशाख कामाला शोभतो का? बाईच्या कपड्याचा प्रश्न खडीपाशी येत नाही. तो येतो खुर्चीपाशी. ज्या जागेवर आजवर पुरुष बसत होता, पगार घेत होता, सही करत होता, तिथं बाई निघाली की आधी तिच्या अंगावरच्या कापडाकडं नजर जाते.

पुण्याला 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की वाटेत लोक शेण-चिखल फेकत, शिव्या देत. जुन्या आठवणींत नोंद आहे, की त्या दोन लुगडी बाळगत. वाटेनं जाताना एक जाडंभरडं, आणि शाळेत पोचल्यावर बदलायला दुसरं. परत येताना पुन्हा ते पहिलं. ही गोष्ट आपण शाळेत त्यांच्या धीराची म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण त्यात आणखी एक शिकण्यासारखं आहे. समोर बसलेल्या पोरींपुढं शिक्षिका म्हणून स्वच्छ कपड्यात उभं राहायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. रस्त्यानं त्यांचे कपडे खराब केले, तरी वर्गातला त्यांचा नीटनेटकेपणा त्यांनी रस्त्याच्या हाती दिला नाही. किमती लुगडं हवं असा त्याचा अर्थ नव्हता. दुसरं लुगडं सोबत हवं, एवढाच होता.

आता साडीचं बघू. आज आपण ज्याला 'ऑफिसची साडी' म्हणतो, म्हणजे पाचवारी किंवा सहावारी, आत परकर, वर ब्लाउज, निऱ्या पुढं आणि पदर डाव्या खांद्यावर, ती आपल्याला फार पूर्वीपासूनची वाटते. तसं नाही. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी परीक्षा पास झालेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी इकडं आल्या तेव्हा चारचौघांत वावरायचं तर काय नेसायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढं आला. त्यांनी मुंबईच्या पारशी बायकांची साडी नेसायची पद्धत पाहिली, तीत आपल्या सोयीनं फेरफार केले आणि ती बंगालात नेली. पुढं अशाच बदलांतून देशभरच्या शिकलेल्या बायकांची साडी आकाराला आली.

आपल्या आनंदीबाई जोशींनाही हाच प्रश्न पडला. 1883 साली त्या डॉक्टरकी शिकायला अमेरिकेत गेल्या. आपला पोशाख सोडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. तिथं कडाक्याची थंडी, आणि तिथल्या रीतीनं बाईचे पाय दिसणं चालत नव्हतं. शेवटी त्यांनी गुजराती पद्धतीनं पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. थंडीतून बचाव झाला, कॉलेजात अडचण राहिली नाही, आणि साडीही सुटली नाही. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या. त्याच कॉलेजातला 1885चा एक फोटो प्रसिद्ध आहे. जपानची, सिरियाची आणि भारताची अशा तीन विद्यार्थिनी, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात बसलेल्या आहेत.

म्हणजे बघा, ज्या साडीला आज आपण परंपरा म्हणतो, ती त्या काळी नवी तडजोड होती. तिच्यावरही टीका झाली असेल, नाकं मुरडली गेली असतील. उद्या कुणी तुम्हाला म्हणालं, ड्रेस म्हणजे फॅशन आणि साडी म्हणजे संस्कार, तर एवढं आठवा. घराबाहेर पडून काम करणाऱ्या बाईनं आपल्या सोयीचा कपडा शोधला, त्याला पुढं लोकांनी संस्कार म्हटलं.

पण पोशाखाची गोष्ट फक्त सोयीची नाही. आपल्या समाजात कपडा जातही सांगत होता. कुणी लुगडं किती खाली नेसायचं, कुणी कोणत्या धातूचा दागिना घालायचा, हे गावानं ठरवून दिलेलं होतं. डिसेंबर 1927मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या बायकांशी वेगळं बोलले. अस्पृश्य म्हणून ओळखू यावी अशी लुगडं नेसण्याची पद्धत सोडा, गळ्यातल्या त्या गळसऱ्या आणि हातातल्या कोपरापर्यंतच्या कथलाच्या पाटल्या सोडा, असं त्यांनी सांगितलं. कपडे फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, आणि काय नेसायचं हे निवडण्याचं स्वातंत्र्य तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी कितीतरी बाया पायघोळ लुगडं नेसून आल्या.

मला वाटतं, पोशाखावर आजवर जे काही बोललं गेलं, त्यातलं हे सगळ्यात मोलाचं. बाबासाहेबांनी भारी कपडे घ्या असं सांगितलं नाही. दुसऱ्यानं तुमच्यावर लादलेली खूण उतरवा, असं सांगितलं. मुलाखतीच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीला आजही तेच लागू पडतं. तुझ्या कपड्यावरून तुझी जात, गाव, घरची गरिबी कुणी मोजू नये. आणि कुणी मोजलीच तर त्यानं तू लहान होत नाहीस.

आता आपल्या मराठवाड्याकडं येऊ. 1948च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. नांदेड हा जिल्हा होता, आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. निजामाच्या कचेरीत पोशाख म्हणजे शेरवानी आणि डोक्यावर रुमी टोपी. दरबारात जायचं तर दस्तार आणि कमरेला पट्टा. औरंगाबादच्या हिमरू कापडाच्या शेरवान्या अमीर-उमरावांच्या अंगावर असत. आपलं नांदेडही कापडाचं गाव. इथली तलम मलमल एके काळी नावाजलेली होती, आणि पुढं उस्मानशाही मिलमध्ये कापड निघू लागलं. म्हणजे कापड आपल्या गावचं, पण कचेरीत कोणतं कापड शोभतं हे ठरवणार हैदराबाद, आणि त्या कचेरीत बाई जवळजवळ नाहीच. 17 सप्टेंबर 1948ला मुक्ती मिळाली. बघता बघता शेरवानी गेली, रुमी टोपी गेली. बुशशर्ट-पँट आली, खादी आणि गांधी टोपी आली. काल जे अदबीचं होतं ते आज जुनं झालं. यातून एक गोष्ट कळते. 'योग्य पोशाख' हा काही दगडावर कोरलेला नियम नाही. राज्य बदललं की तोही बदलतो.

आपल्याकडं बाईसाठी खुर्ची आली ती मुख्यतः शाळेतून आणि दवाखान्यातून. 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावोगावी शाळा वाढल्या आणि शाळांबरोबर 'बाई' आल्या. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना त्या आठवत असतील. सुती पाचवारी, अंगात झंपर, खांद्याला पर्स, हातात छत्री, पायात चप्पल. गावातल्या साऱ्या बाया नऊवारीत, आणि ह्या एकट्याच गोल साडीत. शाळेच्या रस्त्यानं त्या निघाल्या की पारावरच्या नजरा वळत. पण वर्गातल्या पोरींच्याही नजरा वळत, आणि त्या नजरेत वेगळंच काही असे. मोठं झाल्यावर आपणही असंच निघायचं, हे कितीतरी पोरींनी त्या साडीकडं बघून मनाशी ठरवलं. मग नर्सबाई आल्या पांढऱ्या कपड्यात. 1975 साली देशात अंगणवाडीची योजना सुरू झाली आणि पुढं अंगणवाडी सेविका आल्या. एका रंगाच्या साडीतली आपल्याच गावची सून सरकारचं काम करताना दिसू लागली.

16 ऑगस्ट 1982ला लातूर जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या वाढल्या. 1994 साली महाराष्ट्रानं महिला धोरण आणलं. सरकारी नोकऱ्यांत महिलांसाठी तीस टक्के जागा राखीव झाल्या. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. म्हणजे आपल्या भागातल्या मुलींनी शेकड्यांनी पदव्या घ्याव्यात आणि शेकड्यांनी नोकरीसाठी निघावं, ही गोष्ट अजून तशी ताजी आहे. तुमच्यातल्या पुष्कळ जणींच्या आईनं मुलाखत हा शब्द स्वतःसाठी कधी वापरलेला नाही. मग तिला काय घालावं हे कसं माहीत असणार? तुम्हाला प्रश्न पडतो यात लाजायचं काही नाही. घरातली तुम्ही पहिल्या आहात, म्हणून पडतो.

आता नियमांकडं येऊ, कारण ऐकीव गोष्टींनी मुली जास्त घाबरतात. राज्य शासनानं 8 डिसेंबर 2020ला आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाविषयी परिपत्रक काढलं. त्यात बायकांसाठी साडी होतीच, पण सलवार किंवा चुडीदार-कुर्ता होता, आणि पँटवर कुर्ता किंवा शर्टही होता. दुपट्टा आवश्यक असल्यास. पायात चप्पल, सँडल किंवा बूट चालतील, पण स्लिपर नको. शुक्रवारी खादी वापरावी असंही म्हटलं होतं. जीन्स आणि टी-शर्ट दोन्ही नको म्हटले होते. पुढं 2021च्या मार्चमध्ये जीन्सवरची बंदी काढली, टी-शर्टवरची राहिली. शिक्षकांसाठी 15 मार्च 2024ला वेगळ्या सूचना आल्या. शिक्षिकांना साडी, किंवा सलवार अथवा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा. जीन्स-टी-शर्ट नको. वकिलीतही बायकांना पांढऱ्या-काळ्या साडीबरोबर सलवार-कुर्ता चालतो, वर काळा कोट आणि गळ्याला पांढरे बँड. साडीच नेसली पाहिजे, नाहीतर नोकरी नाही, असं यातलं एकही कागद म्हणत नाही.

आणि हे आपल्याकडंच आहे असं समजू नका. अमेरिकेत जॉन मॉलॉय नावाच्या माणसानं 1977 साली नोकरदार बायकांच्या कपड्यांवर पुस्तक लिहिलं आणि कोटाबरोबर स्कर्ट घाला असा सल्ला दिला. तिथल्या सिनेटच्या सभागृहात बायकांनी पँट घालायची रीत 1993पर्यंत नव्हती. काही महिला सदस्य मुद्दाम पँट घालून गेल्या तेव्हा ती बदलली. पॅरिसमध्ये बायकांना पँट घालायला परवानगी लागेल असा 1800 सालचा हुकूम होता. वापरात नसला तरी तो रद्दबातल असल्याचं सरकारनं जाहीर केलं 2013 साली. सगळीकडं गोष्ट एकच. नोकरीचा पोशाख आधी पुरुषाच्या मापानं शिवला गेला, आणि बाईला त्यात आपली जागा करून घ्यावी लागली.

एवढं सगळं पाहिल्यावर उद्याच्या मुलाखतीला काय घालायचं?

जे घालून तुम्हाला नीट बसता येतं, चालता येतं आणि ज्याच्याकडं पुन्हा पुन्हा लक्ष द्यावं लागत नाही, ते घाला. साडीची सवय असेल तर साडी. सवय नसेल तर मुलाखतीच्याच दिवशी पहिल्यांदा साडी नेसू नका. सगळं ध्यान निऱ्यांत राहील आणि उत्तरं राहतील बाजूला. धुतलेला, इस्त्री केलेला सुती कुर्ता, सलवार आणि ओढणी आपल्या भागात कुठंही चालते, आणि उन्हाळ्यात तीच सोसते. नवीच घ्यावी असं नाही. बहिणीची, वहिनीची अंगाला नीट बसत असेल तर तीही चालेल. पण आदल्या दिवशी घालून बघा. बसा, उठा, जिना चढा. ओढणी निसटत असेल तर पिन लावा. चप्पल जुनी असली तरी चालेल, पण शिवलेली आणि पुसलेली असू द्या. हातात वाजणाऱ्या बांगड्या असतील तर कमी करा, बोलताना आवाज मध्ये येतो.

एस.टी.नं दोन-तीन तास प्रवास करून जायचं असेल, तर सावित्रीबाईंचं दुसरं लुगडं आठवा. बदलायचा कुर्ता पिशवीत घडी करून ठेवा, वर कागदपत्रांची फाइल. अर्धा-पाऊण तास आधी पोचा. बसस्थानकात किंवा तिथल्या प्रसाधनगृहात तोंड धुवा, कपडे बदला, केस नीट करा. उन्हासाठी तोंडाला बांधलेला स्कार्फ आत जाण्याआधी सोडा. बुरखा, हिजाब, डोक्यावरचा पदर किंवा ओढणी हा ज्याचा-त्याचा विषय आहे. आपल्या नांदेड-लातुरात सगळ्या धर्मांच्या मुली नोकरीला निघतात, आणि संविधानाचं सोळावं कलम सरकारी नोकरीत सगळ्यांना समान संधी देतं. कपाळावर टिकली आहे की नाही, गळ्यात मंगळसूत्र आहे की नाही, यावर कुणाची लायकी ठरत नाही. खासगी ठिकाणी काही विशेष नियम असेल तर आधी फोन करून विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

उधारी मात्र करू नका. मुलाखत एका दिवसाची असते, हप्ते महिनोन् महिने चालतात. गावातल्या बचत गटाला एक सुचवते. चांगले दोन-तीन ड्रेस आणि एखादी साधी साडी गटानं जपून ठेवावी. ज्या मुलीची मुलाखत असेल तिनं न्यावी, आणि धुऊन इस्त्री करून परत आणावी. लग्नाची भांडी जशी गावाला वापरायला मिळतात, तसंच हे. एका मुलीला नोकरी लागली तर पुढचा ड्रेस तीच घेऊन देईल.

शेवटचं बोलणं आहे ते टेबलाच्या पलीकडं बसणाऱ्यांसाठी. शाळेचे संस्थाचालक, मुख्याध्यापक, बँकेचे साहेब, दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई, तुमच्यापैकीही कुणी हे ऐकत असेल. समोर आलेल्या मुलीच्या कुर्त्याचा रंग उडालेला असेल, पण तो धुतलेला आहे का, हे बघा. चपलेला टाका असेल, पण ती वेळेवर आली का, हे बघा. ती पहाटेच्या गाडीनं आली असेल. तिला आधी पाण्याचा ग्लास द्या, मग प्रश्न विचारा. तिच्या अंगावरचं कापड किती रुपयांचं आहे हे कळायला एक क्षण पुरतो. तिला काय येतं हे कळायला पंधरा मिनिटं लागतात, आणि ती पंधरा मिनिटं द्यायलाच तुम्ही तिथं बसलेले आहात.

आणि मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या आज नोकरीत आहेत त्यांनी शेजारच्या मुलीला आपण पहिल्या दिवशी काय घातलं होतं ते जरूर सांगा. पहिल्यांदा निघणाऱ्या मुलीला दुकानदारापेक्षा तुमचं सांगणं जास्त उपयोगी पडेल.

मुलाखतीला निघालेल्या सगळ्या जणींना मनापासून शुभेच्छा.